सहाव्या गड्याला मत देणाऱ्यांना खुलं पत्र

सन्माननीय मतदारहो,

साखळी सामने संपत आले की एनबीएकडून, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगकडून, तुम्हा शंभर पत्रकार-समालोचकांकडे मतपत्रिका येते. 'सिक्स्थ मॅन ऑफ द इयर', म्हणजे बेंचवरून (बदली म्हणून) उतरणाऱ्यांतला सर्वोत्तम खेळाडू, या पुरस्कारासाठी तीत तीन जागा असतात. पहिल्या नावाला 5 गुण, दुसऱ्याला 3, तिसऱ्याला 1. कुणी कुणाला मत दिलं हे पुढे नावानिशी जाहीर होतं आणि आमच्यासारखे रिकामटेकडे लोक त्या याद्या वाचत बसतात. हे पत्र फक्त त्या तिसऱ्या जागेबद्दल आहे. पहिल्या दोन तुम्हाला लखलाभ.

आधी माझा पक्ष सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी बोट दाखवायला नको. मी इंडियाना पेसर्सची चाहती. त्यातही टी. जे. मॅककॉनेलची. सामना सुरू होताना दिवे मंद करून नावं पुकारतात ना, त्यात त्याचं नाव सहसा नसतं. उंची जेमतेम 6 फूट 1 इंच. 2015 च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) साठही नावं पुकारून झाली, त्यात हा नव्हता. फिलाडेल्फियात चार मोसम काढले, त्यातले पहिले दोन संघ सपाटून हरत होता त्या दिवसांत, आणि 2019 मध्ये आमच्याकडे आला. 2024-25 मध्ये तो सामन्याला सरासरी 18 मिनिटांच्या आसपास खेळला. पॉइंट 9, असिस्ट (ज्या पासवर लगेच बास्केट होते ते) चारेक. हे आकडे तुमच्या मतपत्रिकेच्या वाटेला जाणारे नाहीत, हे मला कळतं.

पण तो काय करतो ते एकदा डोळ्यांसमोर आणा. पेसर्सनी बास्केट केली. आता जवळजवळ सगळे खेळाडू पाठ फिरवून दुसऱ्या टोकाकडे निघतात. विरोधी संघातला एक जण जाळीतून पडलेला चेंडू उचलतो आणि बेसलाइनच्या बाहेर पाय ठेवतो. पाच सेकंदांत चेंडू आत टाकायचा असतो, पण हा मामला इतका रोजचा, की टाकणारा धड बघतही नाही. घराचं दार ओढून घेताना आपण कुठे कडीकडे बघतो, तसं. मॅककॉनेलही परत निघालेला असतो. मान खाली, खांदे पडलेले, दमलेला माणूस. एक पाऊल, दोन पावलं. चेंडू टाकणाऱ्याच्या हातातून सुटतो न सुटतो तोच हा दमलेला माणूस गर्रकन वळतो, मध्ये हात घालतो आणि चेंडू घेऊन थेट बास्केटखाली. ज्याच्याकडे पास निघाला होता तो रिकाम्या हातांनी उभा. बाहेरून टाकणारा तर अजून बेसलाइनच्या पलीकडेच. बेंचवरचे सगळे उड्या मारत असतात.

हे तो वर्षानुवर्षं करतोय. सगळ्या लीगला ठाऊक आहे, स्काउटिंगच्या कागदात लिहिलेलं असणार, टाइमआऊटमध्ये बजावलेलं असणार. तरी होतंच. 2025 च्या अंतिम मालिकेत ओक्लाहोमा सिटी थंडरविरुद्ध तिसऱ्या सामन्यात त्याने 10 पॉइंट, 5 असिस्ट आणि 5 स्टील (समोरच्याचा चेंडू हिसकावणं) केले, सगळं बेंचवरून येऊन. अंतिम फेरीत बेंचवरून असं याआधी कुणी केलं नव्हतं. त्या रात्री आमच्या बेंचचे 49 पॉइंट झाले, त्यांच्या बेंचचे 18. बेनेडिक्ट मॅथरिनने एकट्याने 27 ठोकले. आणि समोर होता तो थंडरचा संघ, ज्याने साखळीत 68 सामने जिंकले होते.

थांबा, तुम्ही काय म्हणणार ते माहीत आहे. मतदान प्लेऑफच्या आधीच होतं, अंतिम मालिका त्यात धरत नाहीत. कबूल. मी ती मालिका पुरावा म्हणून मांडत नाहीये. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत जे दर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री चाललेलं असतं, तेच जूनमध्ये सगळ्यांना दिसलं, एवढंच म्हणतेय. हवा असेल तर साखळीतलाच एक सामना देते. 3 मार्च 2021, क्लीव्हलँड. मॅककॉनेल बेंचवरून आला आणि पहिल्या अर्ध्या सामन्यात 9 स्टील. अर्ध्या सामन्यातला हा विक्रम आहे. शेवटी 16 पॉइंट, 13 असिस्ट, 10 स्टील. आठ शॉट मारले, आठही आत. ते वर्ष संपलं आणि पुरस्कार जॉर्डन क्लार्कसनला गेला, 18 च्या वर सरासरी होती म्हणून. क्लार्कसन चांगलाच खेळाडू आहे, त्याच्याबद्दल काही नाही. तक्रार आहे ती 'म्हणून' या शब्दाबद्दल.

आता तुमच्या चषकावर कुणाचं नाव आहे ते बघा. 2022-23 पासून हा चषक जॉन हॅवलिचेकच्या नावाने दिला जातो. नाव अगदी योग्य. बोस्टन सेल्टिक्सचा कोच रेड आउरबाख याने आपला एक चांगला गडी मुद्दाम मागे ठेवायचा, समोरचे पाच दमले की ताज्या दमाचा आत सोडायचा, ही रीत आधी फ्रँक रॅमझीवर आणि मग हॅवलिचेकवर बसवली. पण हॅवलिचेकचं नाव काढलं की जुन्या लोकांना कोणता क्षण आठवतो? 15 एप्रिल 1965. ईस्ट विभागाच्या अंतिम मालिकेतला सातवा सामना. बोस्टन 110, फिलाडेल्फिया 109, पाच सेकंद बाकी. बिल रसेलने आत टाकलेला चेंडू बास्केट तोलून धरणाऱ्या तारेला लागला, त्यामुळे चेंडू फिलाडेल्फियाचा. एक बास्केट आणि बोस्टन घरी. हॅल ग्रीअर बेसलाइनबाहेर उभा राहिला. हॅवलिचेक चेट वॉकरला धरून होता, ग्रीअरकडे पाठ करून. टाकणाऱ्याला पाचच सेकंद असतात म्हणून तो मनातल्या मनात मोजत होता, असं त्यानेच नंतर सांगितलं. आकडा पुढे सरकला तरी पास येईना, म्हणून त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून मागे पाहिलं, उडी घेतली आणि चेंडू सॅम जोन्सकडे ढकलला. रेडिओवर बोस्टनचा समालोचक जॉनी मोस्ट याचा आवाज फाटला. ती ध्वनिफीत आजही लोक ऐकतात.

म्हणजे बघा. चषक ज्याच्या नावाचा, त्याची सगळ्यात गाजलेली करामत म्हणजे बेसलाइनवरून आत येणारा पास चोरणं. आणि आज हीच करामत जो सवय असल्यासारखी करतो, त्याला तुमच्या तीन जागांत जागा नाही! (हॅवलिचेकने 26,395 पॉइंटही केले, सेल्टिक्सकडून सर्वाधिक, हे मी लपवून ठेवत नाही. पुढच्या वादात ते माझ्याच अंगावर येणार आहे.)

पुरस्कार सुरू झाला 1982-83 मध्ये. पहिला मान मिळाला फिलाडेल्फियाच्या बॉबी जोन्सला. ज्युलियस अर्व्हिंग आणि मोझेस मलोनच्या त्या संघात जोन्स बेंचवरून यायचा आणि समोरच्याचं जिणं हराम करायचा. बचावपटूंच्या पहिल्या संघात त्याची निवड सलग आठ वर्षं झाली. त्या मोसमात त्याचे पॉइंट? सरासरी दहाच्याही आत. तुमच्या आधीच्या पिढीतल्या मतदारांना त्याचं काही वाटलं नाही. 1986 मध्ये बिल वॉल्टनला दिला, सरासरी 7.6. मोडक्या पायांचा तो माणूस त्या वर्षी 80 सामने खेळला, आला की पास असे द्यायचा की संघाचा स्टार लॅरी बर्ड यालाही मजा यायची. 1995 मध्ये न्यूयॉर्कच्या अँथनी मेसनला दिला, सरासरी 9.9. मेसन आत आला की बास्केटखालच्या रंगवलेल्या चौकटीत शिरायला लोक दोनदा विचार करायचे.

आणि मग? मग कुणीच नाही. 1995 नंतर 2025 पर्यंत, तीस वर्षांत, दहाच्या आत सरासरी असलेला एकही विजेता नाही. तीस वर्षं! पॉइंट करणारे सोडून बेंचवरचे बाकीचे सगळे या काळात सामान्य होते, असं तर नसेल. बॉबी जोन्सपासून निघालेला पुरस्कार चालता चालता 'बेंचवरून येऊन सर्वांत जास्त पॉइंट कुणी केले' या प्रश्नाचं उत्तर होऊन बसला. लू विल्यम्सला तीनदा, जमाल क्रॉफर्डला तीनदा. दोघांचे शॉट बघणं म्हणजे पर्वणी, मी स्वतः रात्री-अपरात्री त्यांच्या क्लिपा बघत बसलेय. क्रॉफर्डने 39 व्या वर्षी बेंचवरून येऊन 51 मारले, त्याला काय बोलणार? पण मुद्दा तो नाही.

मुद्दा समजायला साधं गणित पुरे. सामना 48 मिनिटांचा, मैदानावर पाच. झाली 240 मिनिटं. सुरुवातीचे पाच जण प्रत्येकी 33 मिनिटं खेळले तरी 165 होतात. उरलेली 75 मिनिटं बेंचची, आणि असे सामने 82. या 75 मिनिटांत एक जण पॉइंट करतो, तो तुम्हाला दिसतो. बाकीचे तिघं-चौघं स्टारने कमावलेली आघाडी सांभाळत असतात. पॉइंट करणाऱ्याला पास कुणी दिला, वाट मोकळी करायला स्क्रीन कुणी लावला, रिबाउंडसाठी (हुकलेला शॉट पकडायला) समोरच्या धिप्पाड माणसाला पाठीने कुणी रोखून धरलं, यातला पासच काय तो कागदावर येतो, तोही बास्केट झाली तर.

मी स्वतः कॉलेजच्या संघात नववी होते. नववी म्हणजे बेंचवर चौथी, म्हणजे पुढचे तिघे कुणी तरी फाऊल करून बसल्याशिवाय माझा विषय निघायचा नाही. तिथून काय दिसतं ते सांगते, कारण तुमच्यापैकी कितीजण तिथे बसलेत मला माहीत नाही. वॉर्म-अपचा घाम पहिल्या क्वार्टरमध्येच सुकतो. गुडघे आखडतात. बोटं गार पडतात, म्हणून ती मांडीखाली दाबून ठेवायची. टाचा हलवत राहायच्या. कोच बेंचकडे वळले की पंचाईत: नजर दिली तर हावरट दिसू, नाही दिली तर विसरून जातील, म्हणून मी बुटाच्या नाडीशी खेळायचे. नाव घेतलं की जॅकेट अर्धं खांद्यावर असतानाच स्कोअररच्या टेबलापाशी जाऊन एका गुडघ्यावर बसायचं आणि खेळ थांबायची वाट बघायची. कधीकधी तिथे बसल्यावर दोन-दोन मिनिटं खेळ थांबतच नाही, तोवर पुन्हा गार. आणि आत गेल्यावर सगळे तापलेले, तुम्ही तेवढे थंड. पहिला पास हातावर आदळतो तेव्हा चेंडू दगडासारखा लागतो.

स्टार्टरचे पाच शॉट चुकले तर सहावा मारायला त्यालाच सांगतात. बेंचवाल्याचे दोन चुकले की टेबलापाशी दुसरा कुणीतरी गुडघ्यावर बसलेला दिसतो. स्टार्टरला चुका उधारीवर मिळतात, आम्हाला रोखीनेच. तरी आमचा सगळा खेळ वीस-पंचवीस माणसांसमोरचा होता. हेच काम वीस हजार लोकांसमोर, रोज नव्या शहरात, हातात वर्षा-दोन वर्षांचा करार घेऊन करणाऱ्याचं काय होत असेल, याचा अंदाज करून बघा.

बेंच म्हणजे उरलंसुरलं, असा समज असेल तर तोही काढून टाका. मनू जिनोबिली सॅन अँटोनियोकडून 1,057 सामने खेळला, त्यातले सुरुवातीपासून फक्त 349. चार विजेतेपदं आणि 2022 मध्ये हॉल ऑफ फेम, म्हणजे दिग्गजांच्या दालनात नाव. त्याला तुम्ही 2008 मध्ये हा पुरस्कार दिलात, पण तेव्हा त्याची सरासरी 19 च्या वर होती, म्हणजे तुमच्या चाळणीतून तो आरामात खाली आला.

चाळणीत अडकला तो आंद्रे इगुडाला. त्याआधीच्या दहा मोसमांत तो प्रत्येक सामना सुरुवातीपासून खेळलेला. 2014-15 मध्ये गोल्डन स्टेटला स्टीव्ह कर कोच म्हणून आले आणि याला बेंचवर बसायला सांगितलं. बसला. साखळीतले 77 सामने खेळला, सगळे बेंचवरून, सरासरी 7.8. त्या वर्षी पुरस्कार लू विल्यम्सला. जूनमध्ये अंतिम फेरीत क्लीव्हलँड 2-1 ने पुढे गेलं, तेव्हा चौथ्या सामन्यापासून इगुडालाला सुरुवातीच्या पाचांत घेतलं. संघ ओळीने तीन सामने जिंकला आणि फायनल्सचा एमव्हीपी, म्हणजे मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू, इगुडाला ठरला. साखळीत एकही सामना सुरुवातीपासून न खेळता हा मान मिळवणारा तो पहिलाच. आता सांगा, तो माणूस काय जूनमध्ये अचानक चांगला खेळायला लागला?

असंच आमच्या कोचचं. 1986 च्या बोस्टनच्या बेंचवर वॉल्टनसोबत एक फारसा न खेळणारा गार्ड बसायचा, त्याचं नाव रिक कार्लाइल. तोच पुढे कोच म्हणून 2011 मध्ये डॅलसला घेऊन अंतिम फेरीत गेला. मायामी 2-1 ने पुढे होतं, तेव्हा त्याने भाकरी फिरवली आणि बेंचवरच्या बुटक्या जे. जे. बरेयाला सुरुवातीलाच उतरवलं. डॅलसने पुढचे तिन्ही सामने घेतले. हाच कार्लाइल 2025 मध्ये पेसर्सना दहा-दहा माणसं खेळवून सातव्या सामन्यापर्यंत घेऊन गेला. ज्याने बेंचवर दिवस काढलेत त्याला बेंचवर कोण काय कामाचं आहे ते दिसतं, असं मला वाटतं. हे सिद्ध करता येणार नाही, पण वाटतं.

सातव्या सामन्याबद्दल फार लिहिवत नाही. पहिल्याच क्वार्टरमध्ये आमचा स्टार टायरीज हॅलिबर्टन याचा अकिलीस (टाचेमागचा स्नायुबंध) गेला आणि तो जमिनीवर हात आपटत राहिला. तरी मध्यंतराला आम्ही एका पॉइंटने पुढे होतो. मॅककॉनेलने 16 केले, मॅथरिनने बेंचवरून 24 पॉइंट आणि 13 रिबाउंड. 103-91 ने हरलो. बस्स.

आता तुमच्या बाजूने बोलते. तीस संघ, प्रत्येकाचे 82 सामने, हे सगळं बघणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. पॉइंट हा निदान सगळ्यांना कळणारा आकडा आहे. प्लस-मायनस (खेळाडू मैदानावर असताना संघ किती पॉइंटांनी पुढे किंवा मागे गेला तो आकडा) बघा म्हणावं, तर त्यात सोबतच्या चौघांचं पाप-पुण्य मिसळलेलं. एखादा बेंचवाला कायम स्टारसोबतच उतरत असेल तर त्याचा आकडा आपोआप फुगतो आणि दुसरा कायम हरलेल्या सामन्याच्या शेवटच्या चार मिनिटांत उतरत असेल तर बिचारा खड्ड्यात. शिवाय पॉइंट करणं सोपं आहे असं कोण म्हणतंय? शॉट क्लॉक (शॉट मारायला दिलेला वेळ) संपत आलाय, सगळे एकमेकांकडे बघतायत, अशा वेळी चेंडू मागून घेणाऱ्याला छाती लागते. 2025 चा विजेता पेटन प्रिचर्ड असाच. एका वर्षाआधी अंतिम मालिकेत तो क्वार्टर संपायच्या क्षणी मैदानाच्या अर्ध्यातून शॉट मारायला तयार व्हायचा, जिथे बरेच जण आपली टक्केवारी खराब होईल म्हणून मुद्दाम उशिरा चेंडू सोडतात. दोनदा गेला आत. त्याला दिलात ते बरोबरच केलंत. माझं मत असतं तर पहिल्या जागेवर मीही त्याचंच नाव लिहिलं असतं.

म्हणूनच फक्त तिसरी जागा मागतेय. एका गुणाची. तिच्याने विजेता सहसा बदलत नाही. तिथे अशा माणसाचं नाव लिहा ज्याची सरासरी दहाच्या आत आहे आणि ज्याच्यामुळे तुम्ही या मोसमात एकदा तरी खुर्चीत पुढे सरकून बसलात. तो पेसर्सचाच असावा असं नाही. मॅककॉनेलच असावा असंही नाही (असला तर वाईट वाटणार नाही). तुम्ही ज्या संघाचे सामने रोज कव्हर करता त्याच्या बेंचवर असा एक जण असतोच. लॉकर रूममध्ये स्टारभोवती माइकांची गर्दी होते, तेव्हा तो बाजूला पायांना बर्फ बांधून बसलेला असतो. त्याचं नाव तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

यादी जाहीर झाली की मी नेहमीसारखी तिसरा रकाना वरून खालपर्यंत वाचेन.

आपली,
पेसर्सची एक चाहती, पूर्वीची नववी

ता. क. — मॅथरिनसाठी वेगळं पत्र का नाही, असं मैत्रीण विचारत होती. तो बेंचवरून आला तरी पॉइंट भरपूर करतो. तो तुम्हाला आपोआप दिसेल.